बाबांचा २०१२चा लॅपटॉप पुन्हा चालता करायचाय, कोणती हलकी ऑपरेटिंग सिस्टीम टाकू?

वाशिष्ठी

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते. नुसतं "लॅपटॉप स्लो झालाय" म्हटलं तर उत्तरंही तशीच मोघम येतील.

आम्ही चिपळूणचे. बाबा निवृत्त मुख्याध्यापक, वय ७४. गेली बारा वर्षं ते आमच्या गावाचा इतिहास लिहितायत. देवस्थानाचे मानपान, पालखी कुठून कुठे जाते, कुठला पऱ्ह्या (ओढा) कधी आणि कोणी वळवला, कुठल्या वाडीला ते नाव का पडलं, असं सगळं. ज्या म्हाताऱ्या माणसांनी हे सांगितलं त्यातली निम्मी आता हयात नाहीत.

हे सगळं एका लॅपटॉपवर आहे. २०१२ साली घेतलेला, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. २२ जुलै २०२१ला पूर आला तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटातल्या बाबांच्या वह्या गेल्या. लॅपटॉप माळ्यावर होता म्हणून राहिला. त्यामुळे नवीन घेऊ म्हटलं की त्यांचं एकच उत्तर: "ह्याने साथ दिली. ह्याला टाकायचा नाही."

आताची अवस्था अशी. बटण दाबल्यापासून लिहायला बसेपर्यंत साडेसहा मिनिटं, मोबाइलवर वेळ लावून मोजली. बाबा 'ग्रामदैवत' टाइप करून हात मागे घेतात, मग अक्षरं एकेक करून उमटतात. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कच्या खाली सतत १०० टक्के. विंडोज १० आहे, त्याचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ला हा प्रोसेसर चालत नाही.

बाबांना लागतं ते एवढंच: मराठी टायपिंग (ते इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी शिकलेत), छपाई, यूट्यूबवर कीर्तन, आणि नातीशी व्हिडिओ कॉल. मी पुण्याला असते, महिन्यातून एकदा घरी जाते. म्हणजे जे काही बसवीन ते महिनाभर कुणी हात न लावता चाललं पाहिजे. काय टाकू?

काजवा

थांबा. बारा वर्षांचं लिखाण त्या एकाच डिस्कवर आहे का? असेल तर आधी ते बाहेर काढा, ऑपरेटिंग सिस्टीमचं नंतर बघू. एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक तुमच्याबरोबर पुण्याला. दोन्ही प्रती एकाच घरात ठेवू नका, पुराचं तुम्हाला मी काय सांगणार.

वाशिष्ठी

@काजवा, हो, एकाच ठिकाणी आहे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. शनिवारी सकाळी पहिलं काम तेच.

भीमथडी

वाशिष्ठीताई, टास्क मॅनेजरमधला तो १०० टक्क्यांचा आकडा म्हणजे तुमचं निम्मं उत्तर आहे. दुखणं प्रोसेसरचं नाही, डिस्कचं आहे.

लॅपटॉपमधल्या जुन्या डिस्क बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागले. हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, आणि त्याआधी ते डोकं योग्य वर्तुळावर न्यायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. सिस्टीम सुरू होताना अशा हजारो बारक्या फायली इथून तिथून वाचाव्या लागतात. एसएसडीत (चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये) फिरणारं काहीच नाही, तिथे हीच धाव मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होते. म्हणून हलकी सिस्टीम जरूर टाका, पण जुन्या डिस्कवर टाकलीत तर चार आण्यांचा फरक पडेल, एसएसडीवर टाकलीत तर बारा आण्यांचा.

बहिणीचा असाच २०११चा लॅपटॉप मी स्वतः उघडलाय. अॅडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही काढायची, पाठचं झाकण काढायचं. डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत दोन-चार स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू काढले की ती आडवी सरकवायची, वर ओढायची नाही. वर ओढलीत तर कनेक्टरची जीभ मोडते. २.५ इंची साटा एसएसडी त्याच जागी बसते. जुन्या डिस्कची जाडी बहुधा साडेनऊ मिलिमीटर, एसएसडीची सात. डळमळली तर प्लॅस्टिकची पातळ चौकट मिळते, ती लावा. २५६ जीबी तुम्हाला रग्गड झाली.

आणि जुनी डिस्क पुसायची नाही! जशी आहे तशी कागदात गुंडाळून कपाटात ठेवा. काजवा यांनी सांगितलेल्या दोन प्रतींच्या वर ही तिसरी.

शेवगा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. तेरा वर्षांच्या यंत्रात आज एसएसडी घालाल, उद्या रॅम, परवा बॅटरी, मग कीबोर्डची कळ जाईल. हीच बेरीज करून नूतनीकरण केलेला आठव्या पिढीचा लॅपटॉप बघा. त्यावर विंडोज ११ रीतसर चालतं आणि ७४ वर्षांच्या माणसाला नवीन काही शिकावं लागत नाही. आजोबांसाठी मी हेच केलं, ते खूश आहेत. मदरबोर्ड गेला तर ह्या सगळ्या मेहनतीचं काय?

भीमथडी

@शेवगा, मदरबोर्ड गेला तर एसएसडी काढून दुसऱ्या लॅपटॉपात घालायची. लिनक्स (विंडोजऐवजी टाकायची फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) बहुतेक वेळा तशीच उठते. रॅमची पट्टीही डीडीआर-थ्रीच्या दुसऱ्या यंत्राला चालते. खर्च वाया जात नाही. पण बॅटरीचं म्हणणं बरोबर आहे. ताई, बॅटरी फुगलेली नाही ना ते आधी बघा. टचपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, असं दिसलं तर त्या क्षणी ती काढून टाका. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही.

गवती_चहा

"ह्याने साथ दिली, ह्याला टाकायचा नाही." आमचे आबा स्कूटरबद्दल हेच म्हणायचे आणि ती स्कूटर अजून एका किकमध्ये सुरू होते. काकांना माझा नमस्कार सांगा.

डब्लिनकर

मूळ प्रश्नाला उत्तर देतो, कारण 'हलकी लिनक्स' म्हटलं की लोक दहा नावं सांगतात आणि माणूस गोंधळतो.

सगळ्यांच्या पोटात कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, तोच. हलकं-जड ठरतं ते वरच्या डेस्कटॉपवरून, म्हणजे खिडक्या, मेन्यू, पट्टी हे सगळं कोण रंगवतं त्यावरून. ४ जीबी रॅमवर माझी पसंती लिनक्स मिंट, एक्सएफसीई ह्या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. कारणं: खाली डावीकडे मेन्यू, खाली पट्टी, कोपऱ्यात घड्याळ, म्हणजे विंडोजवरून येणाऱ्याचा हात आपोआप योग्य ठिकाणी जातो. मिंटची २२ मालिका उबंटू २४.०४वर बेतलेली आहे, तिला एप्रिल २०२९पर्यंत आधार आहे. तेवढी वर्षं नवी आवृत्ती चढवावी लागणार नाही. तुमची महिनाभराची अट ह्यात बसते.

लुबंटू ह्याहून किंचित हलकं, तिथे एलएक्सक्यूटी डेस्कटॉप आहे. पण २४.०४च्या लुबंटूला तीनच वर्षं मिळतात, एप्रिल २०२७पर्यंत. झोरिन चांगलं आहे, माझ्याच शहरातलं आहे, तरी तुमच्या यंत्रावर मी मिंटच टाकेन. पपी लिनक्स अख्खीच्या अख्खी रॅममध्ये चढते आणि फार जुन्या यंत्रावर उडते, पण तिची फायली जपायची तऱ्हा निराळी आहे. वडिलांच्या लिखाणासाठी ती नको.

आणि एक. बसवायच्या आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. सुरू होताना एफ-१२ किंवा एस्केप दाबून पेन ड्राइव्ह निवडा. डिस्कला हात न लावता सगळं तपासता येतं: वायफाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड. ह्या तपासणीला अर्धा तास द्याच.

निळी_शाई

क्रोमओएस फ्लेक्स कुणीच सुचवलं नाही? फुकट आहे, ४ जीबी रॅमवर चालतं, स्वतःच अपडेट होतं, बिघडण्यासारखं काही नाही. ज्येष्ठांसाठी मला हेच सोपं वाटतं.

काजवा

@निळी_शाई, ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये आहे त्यांना मीही तेच सुचवतो. पण काकांचं काम म्हणजे मोठाल्या फायली आणि स्वस्थ बसून लिहिणं. कोकणात पावसाळ्यात नेट दोन-दोन दिवस नसतं. त्या दोन दिवसांतच काका जास्त लिहीत असतील! शिवाय फ्लेक्सवर प्ले स्टोअर नाही, मोबाइलवरची अॅप तिथे येत नाहीत. अनेक जण तेच गृहीत धरून बसवतात.

निळी_शाई

नेटचं लक्षात आलं नव्हतं. बरोबर आहे, मिंटला अनुमोदन.

अनुस्वार

वाशिष्ठी, एक प्रश्न. बाबांच्या फायली युनिकोडमध्ये (सगळ्या यंत्रांवर सारखी उमटणारी अक्षरं) आहेत की जुन्या फाँटमध्ये? तू २०१२ म्हणालीस म्हणून विचारते. फाइल उघड, एक परिच्छेद निवड आणि फाँटचं नाव बघ. मंगल, कोकिळा, निर्मला असं काही असेल तर प्रश्न मिटला. श्रीलिपीचा, आयएसएमचा किंवा कुठलाही डीटीपीचा (छपाईच्या मांडणीचा) फाँट असेल तर मला सांग, घाईने काही करू नकोस.

वाशिष्ठी

@अनुस्वार, शनिवार दुपार, चिपळूणहून लिहितेय. दोन प्रती काढून झाल्या (एक माझ्या पिशवीत). तुमची शंका खरी निघाली. २०१७पर्यंतच्या सगळ्या फायली जुन्या फाँटमध्ये आहेत, त्यानंतरच्या मंगलमध्ये. एक फाइल माझ्या मोबाइलवर पाठवून उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसली. बाबांचा चेहरा पडला. सगळं गेलं का?

अनुस्वार

काही गेलेलं नाही. आधी त्यांना हे सांग, मग पुढचं वाच.

मी कोल्हापुरात छपाईच्या कामात पंचवीस वर्षं काढली, ह्या फायलींशी रोजचा संबंध. जुन्या फाँटमध्ये 'क' नावाचं अक्षर फाइलीत नसतंच. फाइलीत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फाँट त्या जागी 'क'चं चित्र काढतो. फाँट काढून घेतला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. मोबाइलवर दिसलं ते हे. मजकूर जसाच्या तसा आहे.

म्हणून विंडोज चालू आहे तोवर दोन गोष्टी कर. एक, त्या फाँटच्या टीटीएफ फायली फाँट्सच्या फोल्डरमधून कॉपी करून घे. लिनक्समध्ये त्याच फायली वैयक्तिक फाँटच्या फोल्डरमध्ये टाकल्या की लिबरऑफिसमध्ये जुन्या फायली बहुधा जशा होत्या तशा दिसतात. दोन, प्रत्येक जुन्या फाइलीची पीडीएफ काढ, आत्ताच. पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो, त्यामुळे ती कुठल्याही यंत्रावर वाचता येईल. पुढे काही अडलं तर मिळवून बघायला तो मूळ दाखला राहील.

मग युनिकोडात रूपांतर. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण ज्या फाँटचा मजकूर त्याच फाँटचा कन्व्हर्टर लागतो, कारण प्रत्येक कंपनीने कुठल्या चिन्हावर कुठलं अक्षर ठेवायचं ते आपापलं ठरवलं होतं. आणि रूपांतर झालं की डोळे बंद करून विश्वास ठेवायचा नाही. दोन जागा हमखास चुकतात. पहिली वेलांटी: जुन्या फाँटमध्ये ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये 'कि' म्हणजे आधी क आणि मग वेलांटी. दुसरा रफार: जुन्यात तो अक्षराच्या नंतर येतो, युनिकोडात 'र्' आधी. 'मूर्ति'सारख्या शब्दात दोन्ही एकत्र आले की कन्व्हर्टर गडबडतात. 'कीर्तन', 'पूर्व', 'दर्शन', 'स्थिती', 'भक्ती' हे शब्द शोधून बघ, चटकन कळेल.

बारा वर्षांचं काम आहे. एक प्रकरण रूपांतर करायचं, पीडीएफ शेजारी ठेवून बाबांनी वाचायचं, मग पुढचं. त्यांना ते आवडेलही. हवं तर पहिलं प्रकरण मी करून देते.

गवती_चहा

@अनुस्वार, हा प्रतिसाद मी आमच्या वाचनालयाच्या गटात पाठवतोय. आमच्याकडे जुन्या स्मरणिकांच्या अशाच फायली पडून आहेत.

तिफण

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, बीड जिल्ह्यात. ताईंचा लॅपटॉप माझ्या दृष्टीने श्रीमंत आहे! आमच्याकडे सहा जुने संगणक होते, १ जीबी रॅम, त्यातले दोन ३२ बिटी (जुन्या धाटणीच्या प्रोसेसरचे). दोन वर्षं कापड टाकून झाकून ठेवलेले. मी एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांवर अँटीएक्स नावाची फार हलकी लिनक्स बसवली. पोरं आता त्यांवर मराठीत टाइप करतात, चित्रं काढतात, पाढे पाठ करायचे खेळ खेळतात. यूट्यूब त्यांवर होत नाही आणि मी प्रयत्नही करत नाही.

ज्यांच्याकडे ३२ बिटी यंत्र आहे त्यांच्यासाठी सांगतो. ही वाट हळूहळू बंद होतेय. मिंटने २० आवृत्तीपासून ३२ बिटी सोडलं, डेबियनने ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीत ३२ बिटी इन्स्टॉलर दिलेला नाही. तेव्हा यंत्र विकत घेताना किंवा कुणी देणगी देत असेल तर प्रोसेसर ६४ बिटी आहे का हे आधी विचारा.

केरळात सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षं लिनक्सवरच शिकवतात, त्यांच्या काइट संस्थेने उबंटूवर आधारलेली स्वतःची आवृत्ती तयार केली आहे. आपल्याकडे हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. आमच्या शाळेत जे सहा यंत्रांवर जमलं ते साठ यंत्रांवरही जमेल, सुट्टीत बसणारा एक माणूस आणि एक पेन ड्राइव्ह लागतो.

रत्नदुर्ग

वाचणाऱ्या इतरांसाठी एक इशारा. माझं कर सल्लागाराचं काम आहे. टॅली लिनक्ससाठी येत नाही, आणि डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनांचं लिनक्सवर जमवणं म्हणजे खटाटोप. ज्यांचं पोट ह्यावर आहे त्यांनी कामाच्या यंत्रावरचं विंडोज काढू नये. वाशिष्ठीताईंच्या बाबांना ह्यातलं काही लागत नाही, त्यांनी खुशाल टाकावं. सातबारा, बँक, पेन्शनचं बघणं हे सगळं ब्राउझरमध्येच होतं.

वाशिष्ठी

शनिवार रात्र. पीडीएफ काढून झाल्या, ६३ फायली. टीटीएफ घेतल्या. मिंट पेन ड्राइव्हवरून चालू केलं. आवाज आहे, कॅमेरा आहे, वायफाय दिसतच नाही. आणि ब्राउझर उघडला (मोबाइलवरून नेट देऊन बघितलं) तर प्रत्येक साइटवर सुरक्षिततेचा इशारा. बाबा म्हणाले, "त्याला ओळख पटत नाहीये अजून."

काजवा

दोन्ही ओळखीची दुखणी आहेत. घड्याळ बघा. तारीख २०१२ची किंवा अशीच काही मागची दाखवतंय का? मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, बहुधा सीआर-२०३२, संपला असणार. तारीख चुकली की साइटची प्रमाणपत्रं अजून लागूच झालेली नाहीत असं ब्राउझरला वाटतं आणि तो अडवतो. आत्तापुरती तारीख हाताने दुरुस्त करा, एसएसडी घालायला उघडाल तेव्हा सेल बदला. लॅपटॉपात पुष्कळदा त्याला दोन वायरी जोडलेल्या असतात, तसाच वायरीचा मागा.

वायफाय: त्या चिपला वेगळा ड्रायव्हर लागत असेल. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग (मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू ठेवा, मिंट ते लगेच उचलतं. मग मेन्यूत 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. नाव दिसेल, निवडा, पुन्हा सुरू करा.

वाशिष्ठी

तारीख १ जानेवारी २०११ होती! दुरुस्त केली, इशारे गेले. ड्रायव्हर मॅनेजरमध्ये एक नाव आलं, निवडलं, आता शेजाऱ्यांचं वायफायसुद्धा दिसतंय. काजवा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एसएसडी आणि रॅम पुढच्या खेपेला पुण्याहून घेऊन येते.

भीमथडी

पुण्यात तापकीर गल्लीत किंवा बुधवार पेठेत जाल तेव्हा जुनी रॅमची पट्टी सोबत न्या. तुमच्या यंत्राला लॅपटॉपची डीडीआर-थ्री लागते. पट्टी शेजारी शेजारी धरून खाच त्याच जागी आहे ना ते बघूनच घ्या. भाव सध्या वर-खाली होतायत, दोन-तीन दुकानं विचारा. ४चे ८ जीबी केलेत तर ब्राउझर आणि लिबरऑफिस एकत्र आरामात चालतील.

डब्लिनकर

यूट्यूबबद्दल राहिलं. दुसऱ्या पिढीच्या इंटेलमधली चित्रांची चिप एच-२६४ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडू शकते, व्हीपी-९ नाही. यूट्यूब ब्राउझरला बहुतेकदा व्हीपी-९ देतं, मग तो भार प्रोसेसरवर येतो, पंखा ओरडतो आणि कीर्तन अडखळतं. एच-२६४च मागून घेणारं एक्स्टेंशन फायरफॉक्सला मिळतं, ते टाका आणि व्हिडिओ ७२०वर ठेवा. बुवांचा आवाज तेवढाच खणखणीत येतो.

व्हिडिओ कॉलला गूगल मीट ब्राउझरमध्ये. दुवा बुकमार्क करून पट्टीवर ठेवा, बाबांना एकदाच दाबावं लागेल.

शेवगा

मी वर विरोध केला होता, तरी एक उपयोगी गोष्ट सांगतो. जुनी बॅटरी वीज गेली की क्षणात मान टाकते. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्हमध्ये जाऊन आपोआप जतन करण्याचा काळ १० मिनिटांवरून २ मिनिटांवर आणा. आजोबांचं एक अख्खं पत्र असंच गेलं होतं, तेव्हापासून मी हे सगळ्यांच्या यंत्रावर करतो.

वाशिष्ठी

@शेवगा, हे लाखमोलाचं सांगितलंत. आमच्याकडे वीज दिवसाला तीनदा जाते.

वाशिष्ठी

पाच आठवड्यांनी परत आलेय.

एसएसडी बसली. भीमथडींचं 'आडवी सरकवायची' मी मोठ्याने म्हणत होते आणि बाबा टॉर्च धरून उभे होते. पंख्याच्या जाळीतून कापसासारखी धुळीची गादीच्या गादी निघाली. रॅम आता ८ जीबी. नवीन सेल घातला. मिंट एक्सएफसीई बसवलं, मराठीसाठी आयबस आणि त्याचा एम-१७-एन संच घेऊन इनस्क्रिप्ट-२ निवडलं, लिबरऑफिसचे मेन्यू मराठीत केले.

बटण दाबल्यापासून लिहायला बसेपर्यंत: ३१ सेकंद. बाबांनी घड्याळ लावून तीनदा मोजलं. मग ते 'ग्रामदैवत' टाइप करायला बसले आणि अक्षर बोटाबरोबर आलं. काही बोलले नाहीत, तोच शब्द आणखी दोनदा लिहिला.

जुने फाँट फोल्डरमध्ये टाकल्यावर ६३पैकी ६० फायली जशाच्या तशा उघडल्या. तीन फायलींत जोडाक्षरं विस्कटतात, त्यांची पीडीएफ आहे. अनुस्वारताईंनी पहिलं प्रकरण रूपांतर करून पाठवलं, बाबांनी त्यात ४१ चुका लाल पेनाने काढल्या (शिक्षक!). सगळ्या रफाराच्या आणि वेलांटीच्या.

अडलेलं एकच: प्रिंटर जोडल्याबरोबर आपोआप ओळखला गेला, पण पानं पत्राच्या अमेरिकी मापाने निघतायत, खालची ओळ कापली जाते.

काजवा

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागद 'लेटर' आहे तो 'ए-फोर' करा. लिबरऑफिसमध्ये पानाच्या शैलीतही तेच बघा, दोन्हीकडे जुळलं पाहिजे.

वाशिष्ठी

झालं! आता खुर्ची सोडते, बाबांना स्वतः काहीतरी विचारायचंय.

वाशिष्ठी

सर्वांना स. न. मी वाशिष्ठीचा वडील. आपण सर्वांनी न बघितलेल्या माणसासाठी इतका वेळ दिलात. भीमथडी यांना विशेष सांगतो की तुम्ही सांगितल्याप्रमाणे जुनी डिस्क कागदात गुंडाळून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवली आहे, तिथवर पाणी आले नव्हते. शिक्षक बंधू तिफण यांचे सहा संगणकांचे वाचून आनंद झाला.

माझी अडचण अशी. आमच्याकडे ओढ्याला जो शब्द आहे तो मला येथे लिहिता येत नाही. मी लिहितो तेव्हा 'पर्ह्या' असे उमटते, रफार ह-वर चढतो. मला आडवा र हवा आहे. जुन्या फाँटात त्याची निराळी खूण होती. सातव्या प्रकरणात हा शब्द शंभरेक वेळा येतो.

अनुस्वार

सर, नमस्कार. तुमच्या ४१ दुरुस्त्या मिळाल्या, सगळ्या बरोबर आहेत.

साध्या र-ला हलन्त जोडला की रफार होतो. आडव्या र-साठी र-च्याच कळीवर शिफ्ट धरायचं. क्रमाने असं दाबा: इंग्रजी एच (प), शिफ्ट धरून जे (नुक्त्याचा ऱ), डी (हलन्त), यू (ह), पुन्हा डी, मग तिरक्या रेघेची कळ (य), आणि ई (काना).

वाशिष्ठी

पऱ्ह्या
पऱ्ह्या
वऱ्हाड, गिऱ्हाईक, दऱ्या, पायऱ्या

जमले. खालच्या वाडीचा पऱ्ह्या वळवला त्याचे प्रकरण आज पुरे करतो. झाले की पहिली छापील प्रत अनुस्वार यांना, पत्ता वाशिष्ठीला कळवावा.